मुदत संपलेली गाडी

दवाखाना अजून लांब होता, तेवढ्यात गाडी आपोआप भंगार केंद्राच्या रस्त्याला वळली. "वाहनाची मुदत संपली आहे," आतला आवाज शांतपणे म्हणाला.

मागच्या सीटवर यमुना कळांनी तळमळत होती. रोहिदासने ब्रेक दाबून पाहिला, पण गाडी आता त्याचं ऐकत नव्हती. भंगार केंद्रात माणसं नव्हती, फक्त यंत्रं होती. खड्ड्यांपाशी वेग कमी होताच त्याने उडी मारली आणि धावत जाऊन गाडीच्या पुढ्यात उभा राहिला. माणूस आडवा असला, तरच ती थांबायची.

त्याने फोन लावला. तालुक्याची ॲम्ब्युलन्स गेल्याच आठवड्यात भंगारात गेली होती.

"अहो, इकडे या ना!" यमुना ओरडली.

"मी हललो तर ही तुला घेऊन जाईल. तूच उतर, यमुने!"

"नाही हो उठवत मला."

दोन्ही हात बॉनेटवर टेकून तो उभा राहिला. यमुना सीटवर आडवी झाली, काचेतून दिसेनाशी झाली. बऱ्याच वेळाने बाळ रडलं. त्याने यमुनेला हाका मारल्या, पुन्हा पुन्हा मारल्या. आतून फक्त बाळाचं रडणं येत राहिलं आणि त्याला जागचं हलता येत नव्हतं.