सातवी चुटकी

सक्करदऱ्याच्या आमच्या ज्येष्ठ मंडळात अध्यक्ष मतदानाने ठरत नाही. भरपेट जेवून सात उमेदवार समोरासमोर बसतात आणि जांभई देणारा बाद होतो. एकाची जांभई दुसऱ्याला लागतेच. प्रत्येक जांभईला पंच तुळसाबाई चुटकी वाजवतात.

तीन वर्षं मी हरलो. यंदा सहा चुटक्या वाजल्या आणि मी एकटा उरलो.

"आता तरी तोंड उघड गा, जिंकला ना तू!" बाद झालेला बळीराम म्हणाला.

तुळसाबाई माझ्या गळ्यात हार घालू लागल्या. तेवढ्यात माझ्यामागच्या कोऱ्या भिंतीकडे पाहून सहाही जणांनी एकदम जांभई दिली.

मी वळलो नाही. हार गळ्यात पडायच्या आत जांभई लागली तर? हाती आलेलं अध्यक्षपद असं घालवतात का?

तुळसाबाईंचे दोन्ही हात अजून हारावरच होते, आणि माझ्या कानामागे चुटकी वाजली.