तसराळ्यातले पाणी

"बाळाला घेण्याआधी हात धुवा, साहेब," म्हणत सिस्टर सिंधुबाईंनी तसराळे पुढे केले.

सहकारी रुग्णालयाचे चेअरमन सुंदरराव प्रसन्न झाले. ऐन दुष्काळात प्रसूतिकक्ष चालू ठेवल्याबद्दल बाहेर त्यांचा सत्कार व्हायचा होता. त्याआधी नुकत्याच बाळंत झालेल्या विमलबाईच्या बाळासोबत एक छायाचित्र हवे होते. बाह्या सावरून त्यांनी मनगटांपर्यंत हात बुडवले. पाण्यावरचा तवंग फुटला.

"हे कसलं पाणी, सिस्टर?"

"वॉर्डाचं. डॉक्टरचे, माझे, मावशीचे, समद्यांचे हात सकाळपासून ह्यातच. पिकलेल्या टाक्यांना लागलेले बी."

कोपऱ्यातल्या खाटेवर धारूरची पारूबाई तापाने फणफणत होती. शेजारच्या दोघींचेही टाके पिकले होते. कारण शोधायला नेमलेल्या समितीने बाटलीबंद पाणी पीत निष्कर्ष काढला होता: रुग्णांचे अडाणीपण. विमलबाईचे टाके मात्र अजून स्वच्छ होते. ते स्वच्छच राहतील, एवढे सिंधुबाईंनी आज ठरवले होते.

"मग नळावर धुवायचे की!"

"नळ कोरडा हाय. टँकर तिकडं तुमच्या पुतळ्याच्या हिरवळीवर रिकामा होतोय."

छायाचित्रकाराने कॅमेरा खाली घेतला नव्हता. कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांपासून हात लांब धरून सुंदरराव खिडकीतून टँकरवाल्या सटवावर कडाडले, "सटवा! टाकीकडं वळव बे टँकर!"

बऱ्याच वेळाने नळ खोकला, गुरगुरला आणि वाहू लागला. सुंदरराव झेपावले. सिंधुबाई आडव्या उभ्या राहिल्या.

"थांबा. आधी विमलबाईची पट्टी."

त्यांनी साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले. सावकाश, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून. अख्खा तालुका ज्यांच्यापुढे वाके, ते दोन हात तोवर हवेत ताटकळले.

केसरमावशींनी तसराळे उचलले आणि त्या घुटमळल्या. बाजेवर अंघोळ करायची, बाजेखाली ठेवलेल्या घमेल्यात साचलेल्या पाण्यात धुणे धुवायचे, ही त्यांच्या घरची रीत. त्याच काटकसरीने इथले तसराळेही दिवसभर रिते होत नसे.

"सिस्टर, पाणी फेकवत न्हाई ओ."

"फेकता कावून? साहेबांच्या पुतळ्याला घाला. न्हाऊ द्या."

टाके तळव्याने दाबून धरत सगळ्यांत आधी पारूबाई हसली.