साठवण

प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या, तेव्हा तीही हसली. गांडुळांची कोणती जनुकं जागी झालीत एवढं पाहून त्यांच्यात किती शिसं साठेल, याचा अंदाज तिनं बांधला होता. तपासणीत तो तंतोतंत खरा ठरला. मग कुठला नमुना कोणाच्या बागेतला, ते उघड झालं. सर्वांत जास्त शिसं तिच्याच परसातल्या गांडुळांत होतं. घरी आली, तर सासूबाई नातीला परसातलं उकडलेलं गाजर भरवत होत्या. “आई, परसातलं काही खायचं नाही. मातीत शिसं आहे.” “काहीतरीच! गांडुळं मीच काढून दिली ना? कशी धष्टपुष्ट होती!” “ती मरत नाहीत. शिसं आत साठत जातं.” सासूबाईंचा चमचा हवेतच थांबला. “अगं, मग हिच्या...” तिनं लेकीला मांडीवर घेतलं, तिच्या पोटावर हात ठेवला. पोट नेहमीसारखं टम्म भरलेलं होतं.