पाण्यातली फांदी

मोशीतल्या आमच्या बागेत झाड एकही नाही, नुसत्या कुंड्या. चिमण्यांसाठी पिंपरीहून मातीची थाळी आणली. मुद्दाम उथळ, पिल्लं बुडू नयेत म्हणून. चाकणला कंपनीत इन्स्पेक्शनला असल्यानं मला सवयच लागलीय: रोज थाळी काथ्यानं घासायची, पाणी भरायचं, तीनदा तपासायचं.

आज पाण्यात कडुलिंबाच्या फांदीचं प्रतिबिंब दिसलं. वर बघितलं, तर मोकळं आभाळ. थाळी उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली. फांदी तिथंही होतीच. माझं डोकंच चालेना.

बायकोला हाक मारली. "सोजर, तुला दिसते का फांदी?"

"दिसते की. पण झाड कुठंय?"

पाणीच बदलून बघू म्हणून मी थाळी हळूच तिरकी केली.

पाण्यातली फांदी वाकली, तसं डोक्यावर काहीतरी करकरलं.

सोजर वर बघून किंचाळली, "अहो, सरका!"