चिठ्ठीतलं उत्तर

"निम्मा पिवळा, निम्मा निळा, असा सोळा लिटर हिरवा डब्यात हाय," अजिनाथ म्हणाला. "मला पायजे पिवळा-निळा तीनास दोन. पिवळा अजून किती टाकू?"

अश्विनीने देवापुढचा दिवा सारखा केला आणि वही उघडली. आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा तोंडावर होती. जेवणाआधी रंगाचं एक गणित, हा तिच्या रंगारी बापाचा उपवासासारखा पाळलेला नेम. अमावस्येला तेवढी सुट्टी. त्या दिवशी अप्पा ब्रश भिजवत नसत, गणितही घालत नसत.

"अप्पा, पुस्तकात असली वेडीवाकडी नसतात."

"भिंत काय पुस्तक वाचून रंगती व्हय? सांग."

भाकरी थापता थापता तिची आई लंकाबाई करवादली, "उद्या सूर्यभान ठेकेदार पहिली भिंत बघणार. पटली तर अख्खं मंगल कार्यालय आपलं, न्हाई तर हाय परत उसाचा फड. अन् तुमी पोरीला गणितं घालत बसलाय!"

"तेच तर करतोय," अजिनाथ शांतपणे म्हणाला.

"दोन लिटर," अश्विनीने सांगून टाकलं.

"पुन्यांदा. सावकाश."

तिने बोटांवर हिशेब केला. निळा आठ, तो तसाच राहणार. दोन भाग म्हणजे आठ, तर तीन भाग बारा. पिवळा आहे आठ. "चार!"

"अजून एकदा."

"चारच, अप्पा!"

तेव्हा कुठे अजिनाथने खिशातून घड्या पडून मऊ झालेली चिठ्ठी काढली, अश्विनीला दिसणार नाही अशी धरून आत डोकावला आणि मान डोलावली. "बरोबर."

रोज असंच. शाळेत सरांनी विचारलं, शिकवणी कुणाकडे, तर ती ताठ मानेने सांगे, "आमच्या अप्पांकडं. सगळी उत्तरं त्यांच्या खिशात असतात."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सूर्यभान पेढे घेऊनच दारात उभा राहिला.

"वहिनी, तोंड गोड करा! काम अजिनाथचं. काल ह्यानं निम्मानिम कालवून सोळा लिटर रंग नासवला, मी म्हणलं गेला बाबा हातचा. तर सकाळी ह्याच गड्यानं मापून चार लिटर पिवळा वतला. नमुन्याला सोळा आणे जुळला की! एवढा हिशेब कुठं शिकलास रे?"

अश्विनीच्या हातातला पेढा हातातच राहिला.

भरल्या डोळ्यांनी अजिनाथने खिशातली चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदाच लेकीच्या हातावर ठेवली.

तिने घडी उलगडली. चिठ्ठी दोन्ही बाजूंनी कोरी होती.