सूर्यास्तानंतरचं पाणी

फोन किंचाळायला लागला तशा त्रिशलाबाई हातातली भांडी टाकून सोप्यात आल्या. जयपाल आण्णा खुर्चीत डोळे मिटून बसले होते. कपाळ घामानं डवरलं होतं. फोनवर लाल आकडा होता, एकसष्ट, आणि शेजारचा बाण खाली तोंड करून होता.

पाठोपाठ साताऱ्याहून दीपालीचा फोन आला. आण्णांच्या दंडावर चिकटवलेल्या साखर मोजणाऱ्या रुपयाएवढ्या चकतीचा आकडा लेकीच्या फोनवरही उमटायचा.

"आई, आण्णांना आत्ताच्या आत्ता कायतरी गोड दे."

"ते घेत्यात व्हय? दिवस मावळलाय."

लग्नाच्या आदल्या वर्षी आण्णांनी मुनिमहाराजांसमोर नियम घेतला होता. सूर्यास्तानंतर अन्नाचा कण घ्यायचा नाही, गाळलेलं पाणी तेवढं चालायचं. दीपालीच्या लग्नात पंगती लांबल्या, तर मुलीच्या बापानं उपाशीपोटी पाहुण्यांना आग्रह करकरून वाढलं होतं. पलूसच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, आजही त्याचा दाखला देतात. आण्णांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. अशा दगडाशी संसार कसा होतो ते मात्र त्रिशलाबाईंना कुणी विचारलं नव्हतं.

चकती नव्हती तेव्हा सगळे निर्धास्त होते. दोन-तीन महिन्यांनी सांगलीला जाऊन रक्त द्यायचं, आकडा बरा यायचा. संध्याकाळचा घाम आणि हातांची थरथर वयाची, असं घरानं धरून ठेवलं होतं. चकतीनं ते खोटं पाडलं. दिवेलागणीनंतर साखर रोज कशी घसरते ते तिनं रेघ ओढूनच दाखवलं. डॉक्टरांनी इंजेक्शन कमी करून पाहिलं, तर सकाळी आकडा तीनशेच्या वर गेला.

"रात्री पोटात काहीतरी गेलंच पाहिजे," डॉक्टर म्हणाले होते. "नाहीतर एखाद्या दिवशी झोपेतून उठणार नाहीत."

"न्हाई उठलो तर न्हाई उठलो," आण्णा म्हणाले होते. "नियमात गेला म्हनतील लोक."

आज ते शब्द त्रिशलाबाईंच्या कानात घुमत होते. त्या स्वयंपाकघरात गेल्या. फुलपात्रात पाणी गाळलं आणि चार चमचे साखर घालून ढवळलं. बाहेर येऊन त्यांनी फुलपात्र आण्णांच्या ओठाला लावलं.

आण्णांनी डोळे न उघडता एका दमात पाणी संपवलं. थोड्या वेळानं फोनवरचा बाण वर वळला.

दुसऱ्या दिवशी जेवताना आण्णा म्हणाले, "मागल्या महिन्यातल्या तापापासनं तोंडाला चवच न्हाई बघ. आळणी काय न् गोड काय, समदं सारखंच."

त्रिशलाबाईंचा जीव भांड्यात पडला. तरी खात्री करावी म्हणून त्यांनी एकदा आमटीत मीठच घातलं नाही. आण्णांनी चकार शब्द न काढता दोन वाट्या भुरकल्या.

मग ते रोजचंच झालं. दीपाली मात्र चक्रावली.

"आई, साठावर येत्यात आन् आपसूक वर जात्यात. खात्यात का कायतरी?"

"न्हाई गं. णमोकार मंत्र म्हनत बसत्यात."

"णमोकारानं साखर वाढती व्हय?"

त्रिशलाबाईंनी विषय बदलला. नवऱ्याचा जीव वाचत होता आणि धर्म बुडत होता, तोही त्याच्या नकळत. इकडे आड, तिकडे विहीर. बस्तीत हात जोडले तरी त्यांना मूर्तीकडे मान वर करून बघवत नसे. हे पाप माझं, ह्यांना लागू देऊ नका, एवढंच त्या पुटपुटायच्या. घरी आल्या की पुन्हा साखरेचा डबा काढायच्या. डबा उघडताना त्यांना चोरासारखं वाटायचं.

भाद्रपदातलं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं आणि बस्तीच्या मंडळाचे आप्पासो घरी आले.

"आण्णा, अनंत चतुर्दशीला तुमचा सत्कार ठरलाय. नियमाला पन्नास वर्सं झाली. आजच्या पोरांना कळू द्या जरा."

"शाल हिला घाला," आण्णा म्हणाले. "नियम घेतला मी. सांभाळला हिनं."

आप्पासो मोठ्यानं हसले. त्रिशलाबाई चहाचं निमित्त करून आत गेल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. अख्ख्या गावासमोर, महाराजांसमोर, मोडलेल्या नियमावर शाल पडणार होती. ज्या माणसानं जन्मात खोटं केलं नाही, त्याला आपण लबाड ठरवलं, हे त्यांना सहन होईना.

सत्काराच्या आदल्या दिवशी बस्तीतून परतताना त्यांनी ठरवलं, आज सांगून टाकायचं. मग रागावू देत, बोलणं टाकू देत.

दिवस मावळला. फोन वाजला. आण्णांच्या कपाळावर घाम आला. त्रिशलाबाईंनी फुलपात्रात नुसतं पाणी गाळलं, डब्याला हात लावला नाही, आणि त्या आण्णांसमोर येऊन बसल्या.

"आवं, मला तुमाला कायतरी सांगायचंय."

"आदी पानी दे."

आण्णांनी एक घोट घेतला आणि ते थांबले. फुलपात्र परत त्रिशलाबाईंच्या हातात दिलं. चेहऱ्यावर राग नव्हता.

"साखर राह्यली बघ आज," ते हळू म्हणाले. "जा, रोजच्याएवढी घालून आन."