सुट्टीपुरता नवरा

बस थांबली आणि नवरा सगळ्यांत शेवटी उतरला. स्टँडवर जोडून आलेल्या सुट्टीची झुंबड होती, पण त्या गर्दीत वाट बघणाऱ्या बायकोला कोणाचा धक्का म्हणून लागला नाही.

"या पाहुणे," ती म्हणाली. "बॅग फारच हलकी दिसते. बायकोसाठी काही आणलं नाही वाटतं?"

"स्वतःला आणलंय. तेवढं पुरे नाही का?"

"पुरलं असतं. परत न्यायचं नसतं तर."

यावर नवरा हसला, पण उधारीचं हसल्यासारखा.

ती उंच इमारतींच्या काचा बाहेरून पुसायची. दोराला टांगलेली फळी, बादली आणि खाली मुंग्यांएवढी माणसं. नवरा दूरच्या गावी आईच्या घरात राहून शिलाई मशिनी दुरुस्त करायचा. त्यामुळे त्यांचा संसार म्हणजे ठिगळाठिगळांची गोधडी. सुट्टी जोडून आली की तो यायचा, ती त्याला शहर दाखवायची, तो निघून जायचा आणि ती पुन्हा एकटी. या खेपेला मात्र तिनं पक्कं ठरवलं होतं. शहर असं दाखवायचं, की गड्यानं आपणहून म्हणावं, आता मी इथेच राहतो.

"हा बघ आपला नवा पूल," तिनं सुरुवात केली.

"नवा कसला, मागच्याच महिन्यात त्याचा कठडा..." नवऱ्यानं जीभ चावली. "म्हणजे, पेपरात आलं होतं."

पुलापलीकडे चहाची टपरी होती. चहावाल्यानं नवऱ्याला पाहिलं आणि न विचारताच आधण ठेवलं.

"दोनच ना, दादा?"

"दोन."

चहावाल्यानं सुस्कारा टाकून दोन कप पुढे केले. तिच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

"मी दिसलेच नाही बघ त्याला," ती हसत म्हणाली. "आमच्या धंद्याची हीच गंमत आहे. आतले लोक काचेतून आभाळ बघतात, आपण मधे लटकलेलो असतो ते दिसतच नाही कोणाला. मोठमोठे साहेब माझ्यासमोर नाकात बोट घालून बसतात! आधी राग यायचा. आता अंगवळणी पडलंय. रस्त्यावरसुद्धा कोणी बघितलं नाही तरी मला काही वाटत नाही."

"तू किती बोलतेस," नवरा म्हणाला.

शेजारच्या बाकावरची बाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. मग तिनं आपल्या पिशव्या उचलल्या आणि लांबच्या बाकावर जाऊन बसली.

"ती कोण?" बायकोनं विचारलं.

"मला काय माहीत?"

"आणि चहावाल्याला तू माहीत कसा?"

"चहा घे. निवतोय."

तिनं कपाला हात लावला नाही. संशयाचा किडा एकदा डोक्यात शिरला की चहा कोणाच्या घशाखाली उतरतो?

तरी तिनं धीर सोडला नाही. त्याला थेट काचेच्या सर्वांत उंच इमारतीपाशी नेलं. "ही माझी. मान वर करून बघ तरी!"

नवरा फुटपाथकडेच बघत राहिला. "ऊन लागतंय डोळ्यांना."

"ढग आलेत."

"मग चक्कर येते."

"लटकते मी आणि चक्कर तुला? धन्य आहे!"

तो चालू लागला. आणि काय चालला! शहर ती दाखवत होती, पण वळणं तोच आधी घेत होता. एका बोळात तो असा सफाईनं घुसला, की तिलाच त्याच्या मागून धावावं लागलं. बोळाच्या पलीकडच्या तोंडाशी धुलाई-इस्त्रीचं दुकान होतं.

"ओ दादा!" इस्त्रीवाला ओरडला. "कपडे केव्हाचे झालेत. घरी पाठवू की नेताय?"

त्यानं गठ्ठा नवऱ्याच्या हातात ठेवला. नवऱ्याचे शर्ट आणि वर घडी घातलेली बायकी शाल.

दुकान मागे पडलं. मग ती आडवी येऊन उभी ठाकली.

"घरी म्हणाला तो. कुठलं घर?"

"मागच्या गल्लीत. वरची खोली आहे."

"कोणाची?"

"माझी."

"आणि शाल? ती सटवी कोण आहे ते सांग एकदाचं!"

"कोणी नाही गं. शाल तुझी आहे. लग्नाच्या वाढदिवसासाठी घेतली होती. द्यायची राहिली."

"थापा मारताना तरी डोकं वापर! कोरी शाल कोणी धुवायला टाकतं?"

"ठेवून ठेवून कुबट होते. दर वर्षी टाकावी लागते."

"दर वर्षी?" तिचा आवाज एकदम खाली आला. "म्हणजे इथे ये म्हणून मी तुझ्या विनवण्या करते आणि तू केव्हाचाच इथे राहतोस? मग बॅग घेऊन बसमधून उतरायची सोंगं कशाला?"

"अलीकडच्या स्टॉपवर चढतो. नुसता चालत आलो तर तू भेटत नाहीस. खूपदा करून पाहिलं. पाहुण्यासारखा बसमधून उतरलो, तरच तू उभी असतेस."

"काहीतरीच!" ती म्हणाली. तिला रडू येत होतं आणि कुठेतरी आनंदही होत होता. इतकी वर्षं जे मागत होती, ते असं नकळत पदरात पडलं होतं. "म्हणजे तू खरंच माझ्यासाठी आलास? आईला, घराला सोडून? आणि मला पत्ताच नाही! खरं सांग, कधी आलास राहायला?"

नवऱ्यानं गठ्ठा छातीशी धरला.

"तुझा दोर तुटला," तो म्हणाला, "त्याच्या दुसऱ्या दिवशी."